विक्रीबाहेरची पुस्तके

नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि प्रताधिकार हा वकिलांपुरता विषय एकदम सगळ्यांचा झाला. तेव्हापासून एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला जातो: तुम्ही लेखकाच्या बाजूचे की यंत्राच्या? मला ही मांडणीच उथळ वाटते. या कायद्याशी ज्यांची रोज गाठ पडते ते ग्रंथपाल, अभिलेखपाल, शिक्षक आणि संशोधक या दोन्ही बाजूंत बसत नाहीत. त्यांच्यासाठी कायद्यात जे अपवाद ठेवले आहेत ते पुरेसे आहेत का, हे विचारायला कोणाला सवड नाही.

राणी ॲनच्या १७१० च्या कायद्यापासून बर्न करारापर्यंतचा इतिहास इथे पुन्हा सांगत नाही. त्यातून एवढेच घ्यावे की मुदत आणि अपवाद हे या हक्काच्या घडणीतच आहेत. आपल्या १९५७ च्या कायद्यातले कलम ५२ हे त्या घडणीचेच अंग. त्यातली शिक्षणाची बाजू बरीचशी उजेडात आली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुराव्यासाठी खुले ठेवले, पण अध्यापनाच्या हेतूला जेवढे लागेल तेवढे उतरवून घेता येते, त्याला पानांची टक्केवारी लावता येत नाही, हे तत्त्व मान्य केले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. वर्गापुरता प्रश्न मार्गी लागला. कपाटांचा राहिला.

कपाटांसाठी कायदा काय म्हणतो? भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या, ग्रंथालयाच्या वापरासाठी, जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मुभा आली: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याजवळ मूळ प्रत असेल तर, जतनासाठी ती डिजिटल रूपात साठवता येते. साठवता येते, एवढेच. साठवलेले वाचकाला दाखवायचे की नाही, याबद्दल कलम गप्प आहे. ‘सार्वजनिक ग्रंथालय’ म्हणजे कोणते, याची व्याख्याही नाही. १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा १९१० पासून उभे असलेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यासारख्या, समाजाने वर्गणीतून आणि देणग्यांतून उभारलेल्या संस्था या शब्दांत निःसंशय बसतात, असे कायदा वाचून सांगता येत नाही. चित्रपट जपणाऱ्या अभिलेखागाराचा तर या कलमात उल्लेखच नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: परवानगी घ्या. हक्कदाराला विचारा, रीतसर परवाना मिळवा, अपवाद कशाला हवेत? हे बोलणे इतके वाजवी वाटते की पुष्कळ सज्जन माणसेही ते मान्य करतात. म्हणूनच ते नीट तपासायला हवे.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झाले. त्याच्या एखाद्या जुन्या अंकात जेवढे बाहेरचे लेखक, तेवढे हक्कदार. कारण मासिकाचा नोकर नसलेल्या लेखकाचा हक्क, त्याने तो लिहून दिला नसेल तर, त्याच्याकडेच राहतो. प्रत्येकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो चालतो, म्हणजे एकाच अंकातली एक कथा मुक्त आणि शेजारची कविता पुढची तीस वर्षे बंद. वारस किती, कुठे, हे कोण सांगणार? जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतात, तशी साहित्याच्या हक्कावर चढत नाहीत. नोंदणीवाचूनही हा हक्क शाबूत असतो. परवानगी मागायची, पण कोणाकडे?

परवानावादी लगेच कलम ३१अ दाखवतात. लेखक मृत, अज्ञात किंवा बेपत्ता असेल, मालक सापडत नसेल, तर सक्तीचा परवाना मागता येतो. खरे आहे. त्यासाठी अर्जदाराने आधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव छापायचा. मराठी कथासंग्रहाचे पुनर्मुद्रण करायचे असले तरी जाहिरात इंग्रजीत! पूर्वी हा अर्ज प्रताधिकार मंडळाकडे जाई, पुढे अपिलीय मंडळाकडे, आणि २०२१ च्या न्यायाधिकरण सुधारणा कायद्यानंतर व्यापारी न्यायालयाकडे. तालुक्याच्या ग्रंथालयातल्या अर्धवेळ ग्रंथपालाने एकेका पुस्तकासाठी हा मार्ग चालावा, असे ज्यांना वाटते त्यांनी ग्रंथालय आतून पाहिलेले नाही.

तेवढ्यानेही भागत नाही. मराठीतली पुष्कळ पुस्तके अनाथ नाहीतच. त्यांचे मालक सापडतात, फक्त ते काही करत नाहीत. प्रकाशन संस्था नावापुरती उरलेली असते, भावंडांचे आपसांत पटत नसते, किंवा पत्राला उत्तर येत नाही. अशा पुस्तकाला परवान्याची वाट जवळपास बंदच.

केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना याच परवाना-विचाराचे मोठे रूप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये आहेत आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके विद्यार्थ्यांना मिळतात. योजना उपयोगाची आहे, तिला माझा विरोध नाही. पण ती विकाऊ गोष्टच विकत घेऊ शकते. जे विकायला कोणी बसलेलेच नाही, त्याची वर्गणी कोणाकडे भरायची?

दुसऱ्या टोकाला ‘सर्व ज्ञान मुक्त असावे’ म्हणणारे आहेत. लेखकाने काय खायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. तो वाद इथेच सोडतो. मोबाइलवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफने मराठी प्रकाशकांचे नुकसान होते, हेही मला पूर्ण मान्य आहे.

मान्य करूनही माझा मुद्दा एका भेदावर येऊन थांबतो. हक्क असणे वेगळे आणि हक्क वापरात असणे वेगळे. दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाची नक्कल केली तर लेखकाचे उत्पन्न बुडते. वीस वर्षे न छापलेल्या पुस्तकाची प्रत वाचनालयात दाखवली तर कोणाचेही उत्पन्न बुडत नाही. उलट त्या लेखकाला वाचक मिळतो. हा भेद मी बाहेरून आणलेला नाही. कलम १९ सांगते की हक्क लिहून घेतलेल्याने वर्षभरात तो वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर ते हस्तांतरण संपले असे धरावे. तीन प्रतींची मुभाही ‘विक्रीस उपलब्ध नाही’ याच अटीवर उभी आहे. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात व्यापाराबाहेर गेलेल्या कृतींची सोय याच भेदावर केली आणि हरकत घेण्याचा हक्कदाराचा अधिकार राखला.

अप्रकाशित कागदांत या भेदाचा अभाव फार महागात पडतो. लेखकाच्या हयातीत न छापलेल्या लेखनाची मुदत ते प्रथम छापले जाईल तेव्हापासून मोजली जाते. म्हणजे कधीच छापले गेले नाही तर ती संपतही नाही. संग्रहातल्या अशा हस्तलिखिताची संशोधनासाठी किंवा प्रकाशनासाठी नक्कल करण्याची खास मुभा आहे, पण लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षे उलटल्यावर. विसाव्या शतकाच्या मध्यात छापलेला लाकडी लगद्याचा आम्लयुक्त कागद आणि त्या काळातली पत्रांची बाडे ही मुदत पाळून थांबत नाहीत.

म्हणून कलम ५२ मध्ये दुरुस्ती हवी. जतनाच्या मुभेत अभिलेखागारे, संग्रहालये आणि संशोधन संस्था नावाने याव्यात. विक्रीत नसलेली कृती संस्थेच्या आवारात वाचायला देता यावी आणि हक्कदाराने हरकत घेतली तर ती काढून घ्यावी. संसदेला वेळ लागेल. लेखकांना आणि वारसांना मात्र थांबण्याचे कारण नाही. कलम २१ प्रमाणे लेखकाला आपले सगळे किंवा काही हक्क निबंधकाला कळवून अथवा जाहीर सूचनेने सोडता येतात. तेवढेही नको असेल, तर ज्या ग्रंथालयाने आपले पुस्तक सांभाळले त्याला ते स्कॅन करून वाचकांना दाखवण्याची लेखी परवानगी द्यावी. एका कागदावर, एका सहीने ती देता येते.