पळतीचा हिशेब

वर्तमानपत्रातल्या खो-खोच्या बातमीत प्रत्येक नावापुढे कंस असतो. कुणाच्या कंसात ‘४ गडी’, कुणाच्या कंसात ‘२.१० मिनिटे’. चार गडी म्हणजे काय ते क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्यालाही कळतं. दुसऱ्या कंसापाशी मात्र तो अडखळतो. या पोरीने दोन मिनिटं दहा सेकंद केलं काय? तर ती सापडली नाही. एवढंच. न सापडल्याची नोंद सेकंदांसकट छापणारं आपलं क्रीडापान मला फार आवडतं. एरवी टळलेल्या गोष्टीची पावती कोण फाडतं? चोरी झाली की पंचनामा होतो. चोरी न झालेल्या रात्रींबद्दल गावच्या जागल्याला कुणी विचारत नव्हतं.

बचाव शिकवणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीचा विचार करायला बीड जिल्हा मला सोयीचा वाटतो, आणि त्याचं निमित्त खो-खोच आहे. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकाच्या महिला अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळ गाव केज तालुक्यातलं कळंबअंबा. जिल्ह्याने तिला ‘आपली लेक’ म्हटलं ते रास्तच होतं. खेळाडू म्हणून ती घडली मात्र पुण्याच्या बाजूला, हे कौतुकाच्या फलकावर मावत नाही.

त्या ७८ गुणांची फोड बघण्यासारखी आहे. बहुतेक गुण पाठलागाचे. पण शेवटच्या पाळीत भारताच्या चैत्राच्या तुकडीने ५ मिनिटं १४ सेकंद पळती केली आणि त्याचे पाच गुण मिळाले. नव्या नियमात तीन मिनिटं पार केली की एक गुण आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या मिनिटाला आणखी एक. याला ‘ड्रीम रन’ म्हणतात. प्रेक्षकांना गंमत येते, दूरचित्रवाणीला आकडा मिळतो. मला मात्र हा नियम थोडा खटकतो. अडीच मिनिटं जीव तोडून पळालेल्या तुकडीच्या पदरात शून्य. जुन्या हिशेबात प्रत्येक सेकंदाला किंमत होती. सामना बरोबरीत सुटला तर ‘लघुत्तम आक्रमण’ खेळवायचे. पहिला गडी टिपायला ज्या संघाला कमी वेळ लागेल तो जिंकला. म्हणजेच ज्याचा गडी जास्त वेळ टिकला तो. अख्ख्या सामन्याचा निकाल एका माणसाच्या न सापडण्यावर.

अमेरिकेत बचाव शिकवणं हा स्वतंत्र धंदा आहे. तिथल्या कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे अंडाकृती चेंडूच्या त्या धक्काबुक्कीच्या खेळात, मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली फक्त बचावाची आखणी करणारा माणूस असतो. समोरच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. ते जाऊ द्यायचे नाहीत एवढीच याची नोकरी. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या बड फॉस्टर यांनी ती १९९५ ते २०१९ असे २५ हंगाम केली. २०१५ च्या हंगामानंतर त्यांचे मुख्य प्रशिक्षक निवृत्त झाले, नवे आले; फॉस्टर आपल्या जागी तसेच. २००६ मध्ये सहायक प्रशिक्षकांसाठीचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, पण मुख्य प्रशिक्षक ते कधीच झाले नाहीत. त्यांच्या बचाव-फळीचं मानचिन्ह होतं कामगाराचा जुना, पोचे आलेला पत्र्याचा डबा. भाकरी बांधून कामावर जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला या चिन्हाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

आपल्याकडे अशी विभागणी परवडत नाही. मराठवाड्यातल्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक नावाचा एकच माणूस असतो. कबड्डी त्याचीच, खो-खो त्याचाच, क्रॉस कंट्री त्याचीच आणि प्रजासत्ताक दिनाचं संचलनही त्याचंच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तारीख आली की तो संघ गोळा करतो. त्यातली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करत असतात. त्यांना सोळाशे मीटरच्या वेळेची काळजी, डावा कोपरा कसा उभा राहतो याची नाही. तरीही कबड्डीत कोपरारक्षकाला घोट्याचा पट केव्हा काढायचा आणि केव्हा नुसतं थांबायचं हे याच माणसाला शिकवावं लागतं. ‘थांब’ हा शब्द विशीतल्या पोराच्या गळी उतरवणं म्हणजे काय, ते मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

कुस्तीत या विद्येला सुंदर शब्द आहे: तोड. प्रत्येक डावाला तोड असते आणि वस्तादाची पारख तिथे होते. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्याला आठवण झाली ती २०११ साली वारलेल्या हरिश्चंद्र बिराजदार या आपल्या गुरूंची. त्यांच्यामागे काका पवारांनी त्याला घडवलं. अंतिम कुस्ती १५-७ अशी सुटली. पंधरा कसे मिळवले ते सगळे सांगतील. सातावरच कसं थांबवलं, ते तालमीतल्या मातीला माहीत.

शिकवतात तरी नेमकं काय? खो-खोच्या मैदानात एक मजेशीर विषमता आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा पकडली की त्याला मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला असलं कुठलंच बंधन नाही. बसलेल्यांच्या मधून तो हवा तसा आरपार जातो. अमेरिकी फुटबॉलमध्येही चेंडू सुटेपर्यंत आक्रमकांनी ठरलेल्या मांडणीत थिजून उभं राहायचं, हलायची मुभा एकालाच. बचावाचे अकरा जण आपल्या हद्दीत वाटेल तिथे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला दम टिकवायचा असतो, वर तीस सेकंदांचं घड्याळ. म्हणजे बचाव शिकवणारा पोरांना पळायला कमी शिकवतो आणि समोरच्याला काय करता येत नाही ते वाचायला जास्त. त्याच्या मनगटावर नियमाचा दोर कुठे बांधलाय ते बघायचं आणि त्या दोराच्या लांबीबाहेर उभं राहायचं. हूल द्यायची ती त्याच टोकाला. (नव्या प्रकारात कोणत्याही दिशेला धावू शकणारा ‘वजीर’ आला, तेव्हा दोर अर्धा सुटलाच म्हणा.)

इथवर येऊन मला बीडचं नाव घेताना जरा चपापायला होतं. ‘इथली माणसं दुष्काळात तग धरणारी’ हे वाक्य भाषणात फार चालतं, आणि खेळाच्या पानावर तर ते आयतंच बसतं. ते मला लिहायचं नाही. मैदानातल्या बचावाला एक हमी असते: सात नाहीतर नऊ मिनिटांनी शिट्टी वाजेल आणि पळणारा पाठलाग करणारा होईल. त्या हमीवरच तो तग धरतो. दसऱ्यानंतर बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमध्ये संसार टाकून ऊसतोडीसाठी कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या जोडप्याला ही शिट्टी ऐकू येत नाही. मुकादमाची उचल फिटायची असते, फिटते न फिटते तोच पुढच्या हंगामाची उचल अंगावर आलेली असते. एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा, खाड्याचा दंड. याच खाड्याच्या धास्तीने बाया गर्भाशयं काढून घेतात, ही २०१९ ची बातमी बीडचीच होती. त्याला तग धरणं म्हणणाऱ्याने एकदा त्यांच्या कोपीत राहून बघावं. इथे दोर पळणाऱ्याच्या मनगटाला बांधलेला आहे, नियम समोरच्याचे आहेत आणि पाळी बदलत नाही.

विश्वविजयानंतर राज्य सरकारने महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी २ कोटी २५ लाख आणि प्रशिक्षकांना २२ लाख ५० हजार रुपये जाहीर केले. एकास दहा. यावर कुरकुर करण्यात अर्थ नाही; छाती खेळाडूची फुटते. शिवाय प्रशिक्षकाला निदान दशांश तरी मिळाला. शाळेच्या मैदानावर ज्याने पहिल्यांदा पळती शिकवली, तो कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही.

असा एक माणूस मी पाहिला आहे. नाव-गाव त्याला आवडणार नाही. ऐन उन्हं कलताना तो खांबाजवळ घड्याळ घेऊन उभा असतो आणि वहीत लिहीत असतो. वहीत गुण नाहीत, नुसते सेकंद. सातवीतली एक पोर धापा टाकत आली, “सर, किती?”

“बेचाळीस.”

“काल?”

“एकोणचाळीस.”

ती पुन्हा पळाली. मी वहीत डोकावलो. खाली दोन नावं होती, त्यांच्यापुढे ऑक्टोबरनंतरचे रकाने कोरे. ही नावं खोडली का नाहीत, असं मी विचारलं. त्याने घड्याळ शून्यावर आणलं. “येतात पाडव्यानंतर,” म्हणाला, आणि पुढच्या तुकडीला आत घेतलं.