पान्हा आणि ममता

वासराने ढुशी दिली की गाय पान्हा सोडते आणि वासरू दूर केले तर पुष्कळ गाई पान्हा चोरतात, हे आपल्या शेतकरी वाचकांना आम्ही काय सांगावे? 'वात्सल्य' हा शब्दच मुळी 'वत्स', म्हणजे वासरू, यावरून झाला.

आता वैद्यकशास्त्र म्हणते की, त्या ढुशीसरशी मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात सुटतो, कासेपर्यंत येतो आणि दूध उतरते. बाळंतपणाच्या कळा याच रसाने जोर धरतात. तान्हे छातीशी धरले म्हणजेही तो सुटतो. १९५३ साली अमेरिकेत द्यू विन्यो यांनी हा नऊ दुव्यांचा रस प्रयोगशाळेत बनवला. १९५५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो : ममता जर रसाचे काम, तर आईचे थोरपण ते कसले?

आमचे म्हणणे असे. चाक फिरते म्हणून घडा घडतो. पण चाकालाच कोणी घडा म्हणत नाही. वासरू मेल्यावर गाईला हाच रस सुईने टोचून दूध काढणारे लोक आहेत. जनावराला अपाय करणारी अशी टोचणी कायद्याने गुन्हा आहे, तरी ती चालते. दूध मिळते खरे. पण त्या दुधात वात्सल्य कोणाचे? कोणी म्हणेल, टोचलेला रस मेंदूपर्यंत फारसा पोहोचत नाही. बरोबर आहे. मग दुसरा दाखला घ्या. अमेरिकेत प्रेअरी व्होल नावाचा उंदराच्या जातीचा प्राणी जोडीने राहतो, आणि ती जोडी या रसानेच जुळते, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. ज्याच्यावर हा रस काम करतो तो ग्राहकच अंगी नसलेले व्होल शास्त्रज्ञांनी निपजवले, तर त्यांनीही जोड्या जमवल्या, पिलांना पाजले. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे रस हे निमित्त होय, सर्वस्व नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी. २०११ साली नेदरलंड्समधल्या प्रयोगांत हा रस नाकावाटे दिलेली माणसे आपल्याच लोकांकडे अधिक झुकली. पुढचे सगळेच प्रयोग त्याच्याशी जुळले असे नाही. पण गोठ्यात पाहा ना! जी गाय आपले वासरू मायेने चाटते, तीच परके वासरू कासेला आले की लाथ झाडते. त्यात तिचा दोष नाही. देहाची माया अशीच, आपल्यापुरती.

म्हणून आपल्या लेकराला कवटाळले एवढ्यावर आपण मोठे प्रेमळ, असे कोणी समजू नये. तेवढे गाईलाही येते. शेजारच्या घरी म्हातारी तापाने पडली आहे, ती ना नात्याची ना जातीची. तिच्यासाठी आतून काही उमाळा येत नाही. तरी उठून तिला पेज करून द्यावी, रात्र उशाशी बसून काढावी. ही माया देह आपणहून करीत नाही. ती आपल्याला करावी लागते.