उणिवेचा अभ्यास आणि वैराग्य

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तवृत्तींच्या निरोधाचे दोन उपाय सांगितले आहेत: अभ्यास, म्हणजे चित्त स्थिर राहावे यासाठी केलेला यत्न, आणि वैराग्य, म्हणजे विषयांची तृष्णा ओसरून त्यांवर आलेला ताबा. गीतेच्या सहाव्या अध्यायातही चंचल मनासाठी हीच जोडी सुचवली आहे. परंतु जी गोष्ट मनापासून सुधारायची आहे तिच्या बाबतीत विरक्ती कशी साधावी, हा प्रश्न उरतोच.

चंदीगडच्या आयटी पार्कमधील कचेरीतून सुटून गोल्फच्या सरावाला जाणाऱ्या हौशी खेळाडूच्या बाबतीत हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. याच शहरातल्या जीव मिल्खा सिंग यांच्यासारख्या व्यावसायिकाची उपजीविका खेळावर असते. हौशी खेळाडूची नसते, तरीही त्याचा वेळ बहुधा ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याच्या काठीने, चेंडू दूर धाडण्यातच सरतो. ज्या मैदानावर १८ होल ७२ फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते, तिथे प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगचे, म्हणजे हिरवळीवरून चेंडू खळग्यात घालण्याचे, धरलेले असतात, आणि हे त्यालाही ठाऊक असते. अडसर अज्ञानाचा नाही, न जमणाऱ्या फटक्याच्या लाजेचा आहे. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू काढताना काठीचे पाते चेंडूच्या दोनेक इंच मागे वाळूत उतरवून पुढे न्यावे लागते. हात मध्येच थबकला की वाळू उडते, चेंडू जागेवरच राहतो आणि शेजारी उभे असलेले सहकारी ते पाहतात. उलट ड्रायव्हरचा साधलेला फटका स्वतःविषयीच्या प्रिय समजुतीला दुजोरा देतो.

म्हणून वैराग्य हे फळ हाती आल्यावर किंवा हुकल्यावर धारण करायचे सांत्वन आहे, ही रूढ समजूत अपुरी वाटते. चित्त ही दोन्ही दिशांना वाहणारी नदी असून वैराग्याने विषयांकडचा ओघ अडवला जातो आणि अभ्यासाने विवेकाचा ओघ मोकळा होतो, असे योगसूत्रांवरील व्यासभाष्य सांगते. येथे अडवायचा ओघ आहे तो जमणाऱ्या फटक्याच्या सुखाचा, आणि तो अडल्याखेरीज न जमणाऱ्या फटक्याकडे वळणेच घडत नाही. अभ्यास दृढ होण्यासाठी पतंजलींनी दीर्घकाळ आणि सातत्य यांच्या जोडीला सत्कार, म्हणजे आदर, आवश्यक मानला आहे, आणि तिन्हींत हाच सर्वांत अवघड म्हणावा लागेल, कारण आपल्या उणिवेविषयी माणसाला चीड येते, लाज वाटते, आदर मात्र क्वचितच वाटतो. चिडून मारलेले शंभर फटके सराव ठरतात. त्यांना या अर्थाने अभ्यास म्हणता येत नाही.

अर्थात पतंजलींचे साध्य चित्ताचे स्थैर्य आहे, कौशल्य नव्हे, आणि बंकरमधला फटका साधू लागला की त्याचेही सुख नव्याने चित्ताला ओढू लागते. तेव्हा वैराग्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि या वेळी ते आपणच कष्टाने कमावलेल्या गोष्टीच्या बाबतीत करावे लागते.