चिखल्यांचे औषध कोणास विचारावे?

मनुष्याच्या दुखण्यांची जी प्रतवारी आपल्या समाजाने मनाशी लावून ठेविली आहे, तीत पायाच्या दुखण्यास अगदी खालची जागा मिळालेली दिसते. हृदयविकाराविषयी लोक चारचौघांत गांभीर्याने बोलतात, मधुमेहाविषयी तर काहीशा प्रौढीनेही बोलतात. परंतु पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कंड सुटते, हे सांगण्यास त्यांस लाज वाटते. ही लाज आणि तिच्यापोटी येणारा उतावीळपणा यांचे परिणाम वरवर दिसतात तितके क्षुल्लक नाहीत.

मीरा-भाईंदरच्या रहिवाशांस चिखल्या म्हणजे काय हे सांगावयास नको. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये मिठागरांची सखल जमीन. भरती आणि पाऊस यांची गाठ पडली की रस्त्यांवर पाणी तुंबते. त्या पाण्यातून स्टेशन गाठावयाचे, चर्चगेटची गाडी पकडावयाची आणि तेच भिजलेले बूट संध्याकाळपर्यंत पायांत वागवावयाचे! मिठागरांत खपलेल्या आगऱ्यांचे आणि उत्तनच्या कोळ्यांचे पायही पाण्यातच गेले; पण त्यांस निदान वारा तरी लागत असे. सुधारणेने आम्हांस बूट दिले, कोरडा रस्ता मात्र दिला नाही.

रात्री कंड असह्य झाली म्हणजे शेजारी एका मलमाचे नाव सांगतो, कोपऱ्यावरचा औषधवाला ते काढून देतो आणि दोन दिवसांत आराम पडतो. मग शेजारीही शहाणा ठरतो आणि औषधवालाही. परंतु आराम पडणे आणि रोग बरा होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? अशा पुष्कळ मलमांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड घातलेले असते. लाली व कंड ही शरीराने बुरशीविरुद्ध चालविलेल्या लढाईची लक्षणे होत. स्टेरॉइड ती लढाईच थांबवते. रोग्यास वाटते शत्रू पळाला. वस्तुतः शत्रूस मोकळे रान मिळालेले असते. पुढे रोगाचे रूप इतके पालटते की जाणत्या वैद्यासही तो चटकन ओळखू येत नाही.

शिवाय बेचक्यांतील प्रत्येक कंड बुरशीचीच असते असेही नाही. जंतूंमुळे, इसबामुळे, क्वचित चपलेच्या रबरामुळेही तसेच होते. त्वचेचा थोडा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पुष्कळदा काही मिनिटांत उलगडा होतो. पण त्यासाठी कोणीतरी पाय पाहावा लागतो, आणि आपण तर पायमोजाही न काढता औषध मागतो. मधुमेह्याच्या बाबतीत हा संकोच विशेष महाग पडतो. बेचक्यांतील लहानशा चिरेतून जंतू शिरून सारा पाय सुजू शकतो.

“पाय माझा, पैसा माझा, मग इतरांचे काय गेले?” असे कोणी विचारील. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. बुरशी एका पायावर राहत नाही. पायपुसणे, टॉवेल, न्हाणीघराची ओली फरशी यांवरून ती घरभर फिरते. २०२० साली जपानमधील संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेवर सापडलेल्या एका बुरशीस ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिई’ असे नाव दिले. अंगावर गजकर्ण उठविणाऱ्या या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध पुष्कळदा चालत नाही, आणि तिच्या फैलावाच्या कारणांत तज्ज्ञ अशा मिश्र मलमांचा बेसुमार वापरही गणतात. एकेकट्याच्या उतावीळपणाची ही सामाईक किंमत आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. पण मागणारे आम्ही आणि देणारा औषधवाला यांच्यामध्ये कायदा उभा कोठे राहणार?

ज्याची एक दिवसाची मजुरी बुडते त्याने दुकानातूनच मलम घेतले, तर त्यास दोष देण्यास आमची जीभ वळत नाही. पण सुशिक्षित घरांत याहून विचित्र प्रकार घडतो. आपल्यास ‘गुण आलेली’ अर्धी नळी कामवाल्या बाईंना मोठ्या मायेने दिली जाते. त्यांचा दिवस परक्यांच्या ओल्या फरशीवर जातो, तेव्हा चिखल्या त्यांस आपल्याहून अधिक. भाईंदर पश्चिमेस पंडित भीमसेन जोशी यांच्या नावाचे सार्वजनिक रुग्णालय आहे. तेथे जाण्यास त्यांना अर्ध्या दिवसाची पगारी सुटी लागते, आणि ती देणे त्या नळीइतके सोपे नसते.