शेजारधर्म आणि द्राक्षाचा मळा

आपल्या सदसद्विवेकबुद्धीस जें पटत नाहीं तें करण्यास मनुष्यानें नकार द्यावा, हें तत्त्व कोणीही मान्य करील. त्या नकाराबद्दल दंड किंवा तुरुंग सोसण्याची त्याची तयारी असली तर आपण त्यास धीरोदात्तही म्हणतों. परंतु नकार एकानें द्यावा आणि त्याचें फळ शेजाऱ्यानें भोगावें असा प्रसंग आला तर? पुस्तकी चर्चेंत हा प्रश्न रुक्ष वाटेल. पण फ्रान्समध्यें २०१४ सालीं एका द्राक्षमळ्यावरून जो खटला झाला, त्यांत तो मोठ्या जिवंत स्वरूपांत उभा राहिला. विषय मद्याचा निघाला हें पाहून ज्यांच्या कपाळास आठी पडली असेल त्यांस एवढेंच सांगतों कीं, पेल्याशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. बोलावयाचें आहे तें वेलीविषयीं आणि ती वेल जतन करणाऱ्या कुटुंबांविषयीं.

बर्गंडी प्रांताची वाइन जगप्रसिद्ध आहे, आणि तेथील बराच व्यवहार अजूनही लहान घराण्यांच्या हातीं आहे. छाटणीपासून बाटलीवर आपल्या नांवाची चिठ्ठी डकविण्यापर्यंत सर्व कामें घरचींच माणसें पाहतात. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेनें सर्व अपत्यांस बापाच्या मिळकतींत वारसाहक्क दिला. तेव्हांपासून वांटण्या होत होत कित्येकांच्या वांट्यास मळा न येतां मळ्यांतल्या ओळी तेवढ्या आल्या. क्लो द वूजो हा मळा मध्ययुगांत ख्रिस्ती मठवासीयांनीं लावला आणि त्यास दगडी भिंत घातली. भिंत अजून उभी आहे. परंतु आंतील सुमारें ५० हेक्टर जमिनीचे मालक आज ८० च्या आसपास आहेत. एका भिंतीच्या आंत ऐंशीं घरें, ऐंशीं मतें, आणि दोन मतांच्या मध्यें कुंपण म्हणून नाहीं! ज्या मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा करावा लागला, तेथील वाचकांस हें चित्र परकें वाटूं नये.

एमान्युएल जिबुलो हा अशाच एका घराण्यांतला, बोन शहराजवळचा, सुमारें १० हेक्टरांचा धनी. त्याच्या वडिलांनीं १९७० च्या सुमारासच रासायनिक शेतीकडे पाठ फिरविली होती. मुलानें त्याही पुढें जाऊन, रुडॉल्फ स्टायनर यानें १९२४ सालीं दिलेल्या व्याख्यानांवर आधारलेली शेती पत्करली. गाईच्या शिंगांत शेण भरून तें पुरावयाचें, चंद्राची गति पाहून कामें करावयाचीं, असा कांहींसा हा संप्रदाय आहे. पंचांगावांचून ज्यांचें पान हलत नाहीं त्या आम्हां लोकांनीं यास हंसूं नये. शिंगाच्या गुणावर आमचा विश्वास नाहीं. परंतु आजोबानें लावलेली वेल नातवाच्या हातीं जावयाची आहे, हें ध्यानांत ठेवून जो मातीस जपतो त्याच्याविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं.

या मळ्यांस अमेरिकेंतून आलेल्या एका तुडतुड्याचें भय आहे. तो जो रोग पसरवितो त्याच्या फ्रेंच नांवाचा अर्थ 'सोनेरी पिवळेपणा' असा होतो. इतक्या दुष्ट रोगास इतकें गोड नांव क्वचितच मिळालें असेल. पानें वळतात, पिवळीं किंवा तांबडीं पडतात, घड सुकतात. औषध नाहीं, वेल उपटून टाकावयाची. शेंकडा वीसांहून अधिक वेली रोगट निघाल्या तर सबंध तुकडाच उपटावा लागतो. शेजारच्या सोन-ए-ल्वार जिल्ह्यांत असे मळे उपटले गेलेही होते. म्हणून २०१३ च्या जूनमध्यें कोत-द्-ओर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानें सर्व मळ्यांवर कीटकनाशक फवारण्याचा हुकूम काढला. सेंद्रिय शेती करणारांस शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेलें पायरेथ्रिन वापरण्याची मुभा होती. जिबुलोनें तेंही नाकारलें. आपल्या आसपास रोग आढळलेला नाहीं, आणि विष फुलांतून निघालें म्हणून तुडतुडा कोणता व उपकारक किडा कोणता हें त्यास कळूं लागत नाहीं, असें त्याचें म्हणणें.

२०१४ च्या एप्रिलांत दिजों येथील न्यायालयानें त्यास १,००० युरो दंड ठोठावला व त्यांतील अर्धा तहकूब ठेवला. लाखों लोकांनीं त्याच्या बाजूनें सह्या केल्या. वर्षअखेरीस वरिष्ठ न्यायालयानें त्यास निर्दोष सोडलें, परंतु तें त्याचा हेतु शुद्ध होता म्हणून नव्हे, तर मूळ हुकूमच कायदेशीर नव्हता म्हणून. नीतीचा प्रश्न न्यायासनानें जसाच्या तसा परत केला.

सह्या करणारांइतका सोपा निर्णय आम्हांस देतां येत नाहीं. लागण झालेल्या वेलीवर रोगाचीं लक्षणें दिसतात तीं पुढच्या वर्षीं. अर्थात् 'माझ्या मळ्यांत रोग नाहीं' हें वाक्य अगदीं प्रामाणिक असूनही खोटें असूं शकतें. बाजूच्या चार ओळी ज्याच्या आहेत, त्याच्याही वेली आजोबानेंच लावलेल्या आहेत. त्या उपटाव्या लागल्या तर नव्या वेलीस फळ धरावयास तीन वर्षें, आणि जुन्या वेलीचा गुण येण्यास एक पिढी. त्या बिचाऱ्यानें कोणाच्या तत्त्वासाठीं हें सोसावें? मधमाशीची कणव करणारानें शेजाऱ्याचीही थोडी करावी, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

परंतु मग हुकूम पाळणाराचे हात स्वच्छ आहेत काय? कुंपण जसें तुडतुड्यास अडवीत नाहीं तसें फवाऱ्यासही अडवीत नाहीं. आणि फवारणारानें आजवर शेजाऱ्यास विचारल्याचें ऐकिवांत नाहीं. तज्ज्ञांच्या आज्ञेचें म्हणाल तर, १८७८ सालीं मर्सो येथें मुळें खाणारी फिलॉक्सेरा कीड सांपडली, तेव्हां जमिनींत औषधें टोंचण्यावर भिस्त होती. वेली अखेर तगल्या त्या अमेरिकन खुंटावर कलमें केल्यानें, आणि त्या खुंटांस बर्गंडींत १८८७ पर्यंत मनाई होती! सेंद्रियवाल्यांचीही गोष्ट निराळी नाहीं. आमच्या नाशिककडचे बागाइतदार केवड्यावर जें बोर्डो मिश्रण मारतात तेंच तेही मारतात. त्यांतील मोरचुदाचें तांबें मातींत सांचून राहतें, म्हणून युरोपीय संघानें २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरीं २८ किलोंची मर्यादा घातली आहे. निव्वळ सोंवळें येथें कोणाचेंच नाहीं.

म्हणून जिबुलोचा नकार आम्हांस मान्य आहे, पण एका अटीवर. विष नाकारणारानें त्या विषाच्या जागीं आपले श्रम घालावे. प्रत्येक वेल स्वतः तपासावी, शेजाऱ्यास तपासूं द्यावी, आणि संशय आला तर आजोबाची वेल आहे म्हणून कुऱ्हाड आंखडूं नये. नुसता नकार देऊन घरीं बसणें हें आळसाचेंच सात्त्विक रूप होय. या मार्गांत खर्च आहे, वेळ मोडतो, आणि लहान घराण्यास तो जड जातो, हें आम्ही जाणतों.

बर्गंडींत पुढें बरेंचसें याच दिशेनें झालें. फवारणीचा परीघ आंखडत गेला. रोपवाटिकेंत रोपें ५० अंश उष्णतेच्या पाण्यांत ४५ मिनिटें बुडवून ठेविलीं कीं तीं रोगमुक्त होतात. दूरच्या गांवीं रोग जातो तो बहुधा रोपांतूनच. द्राक्षें तोडावयाच्या दिवसांच्या आगेंमागें मळेवाले टोळ्या करून निघतात आणि ओळीमागून ओळ पाहत जातात. ती ओळ कोणाच्या नांवावर आहे हें तेव्हां कोणी विचारीत नाहीं. पान पिवळें दिसलें कीं त्या वेलीस फीत बांधतात, पान प्रयोगशाळेंत पाठवितात, आणि पुढच्या ओळीकडे वळतात.