पुस्तक मिटल्यावर

सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. जिथे वाफ, आम्ल आणि बॉयलर, तिथे भाजण्याचा धोका आलाच. म्हणून सोलापुरात नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी ‘बर्न्स’चा धडा वाचताना या कारखान्यांतला माणूस डोळ्यांपुढे आणावा.

समजा, 60 किलो वजनाचा कामगार आहे आणि त्याचं 20 टक्के शरीर भाजलं आहे. भाजलेल्या रुग्णाला शिरेतून किती द्रव द्यायचा ते सांगणाऱ्या पार्कलँडच्या सूत्रानं 4 मिली गुणिले 60 किलो गुणिले 20 टक्के, म्हणजे 24 तासांत 4800 मिली रिंगर लॅक्टेटचं सलाईन. त्यातलं निम्मं पहिल्या 8 तासांत. इथवर सगळ्यांचं पाठ असतं. पण हे 8 तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात. रुग्ण दोन तासांनी दवाखान्यात पोचला, तर 2400 मिलीसाठी 6 तासच उरतात. तासाला 300 मिलीचा हिशेब 400 वर जातो. पुढे लघवीचं प्रमाण पाहून डॉक्टर तो कमी-जास्त करतात, आणि ते प्रमाण तासातासाला मोजून लिहिते ती नर्स.

हा बारकावा पाचदा वाचूनही निसटतो. पुस्तक मिटून गणित एकदा स्वतः सोडवलं, चुकलं, पुन्हा सोडवलं, की मग तो पक्का बसतो. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. वाचून वाचून पान ओळखीचं होतं आणि आपल्याला वाटतं, येतंय. परीक्षेच्या हॉलमध्ये घाम फुटतो तो या भ्रमामुळे. ज्यानं घरीच स्वतःची परीक्षा घेतली, त्याची भीती तिथेच निम्मी झालेली असते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तकांचंही दडपण असतं. त्यांनी आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण ठेवावी. 1938 साली ते चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि त्याच भाषेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. त्यांच्या पत्नी ग्वो चिंगलान तिथे नर्सिंग शिकवत. परकी भाषा कामातून अंगवळणी पडते. आधी मराठीत समजून घ्या, मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा, मग उत्तर इंग्रजीत लिहा. समजलेलं लिहायला थोडे शब्द पुरतात. न समजलेलं पाठ करायला पानंच्या पानं लागतात.

वॉर्डची ड्यूटी करून थकून आल्यावर चार तास बसणं होत नाही, हे खरं. पण अर्धा तास होतो. आज वॉर्डात जो रुग्ण पाहिला, त्याचा आजार, त्याची औषधं, त्यांचे डोस कोऱ्या कागदावर आठवून लिहा आणि मग पुस्तकाशी ताडून पाहा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका. दिवसभर वाचलेलं झोपेतच मनात मुरतं.

उत्तीर्ण व्हायला 50 टक्के गुण पुरतात. सलाईनचा हिशेब मात्र पूर्णच बरोबर यावा लागतो. तेव्हा आज रात्री एकच धडा घ्या, वाचा, पुस्तक मिटा आणि लिहायला बसा.