बावन्न आठवडे, एक्कावन्न फोटो

माणूस गेल्यावर घरात पहिली शोधाशोध होते ती फोटोची. निदान आमच्याकडे तरी तसंच झालं. वडील १९९४ साली गेले. तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात सरकारी कामाशिवाय कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ओळखपत्रावरच्या फोटोत ते नुकतेच विनातिकीट पकडले गेल्यासारखे दिसत होते. शेवटी आत्येबहिणीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला. त्यातून वडिलांना कापून, मोठं करून फ्रेममध्ये बसवलं. फोटो झकास आला. फक्त त्यांच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला. घड्याळ घातलेला. तो हात कुणाचा, यावर आमच्या नातेवाइकांत अजून एकमत झालेलं नाही. दर तिथीला आम्ही वडिलांना हार घालतो, तो या अनोळखी हातालाही पोचतो.

वडिलांच्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या अख्ख्या वाड्यात एकच कॅमेरा होता. आगफा क्लिक थ्री. त्याच्या एका रोलात बारा फोटो निघत, आणि ते बारा फोटो शेजारचे काका एखाद्या कंजूष माणसानं केशर वापरावं तसे वापरत. दिवाळीत रोल घातला तर तो संपायला पाडवा उजाडे. त्यामुळे एकाच रोलात फटाके, मुंज आणि श्रीखंड असे तिन्ही ऋतू निघत. आता खिशातल्या फोनमध्ये हजारो फोटो मावतात. माझ्या फोनमध्ये तेवढे आहेतही. त्यात कुटुंब कमी आणि विजेची बिलं, पार्किंगच्या खांबाचा नंबर, औषधाच्या बाटलीवरचं लेबल हेच जास्त. पूर्वी कॅमेरा नव्हता म्हणून आपली माणसं फोटोत नव्हती. आता कॅमेरा आहे, तरी नाहीत. ही प्रगतीच म्हणायची!

म्हणून एका गुढीपाडव्याला मी संकल्प सोडला. दर रविवारी सकाळी दहा वाजता, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर, कुटुंबाचा एक फोटो. वर्षाचे बावन्न. एकाही माणसाला पुढे दुसऱ्याच्या लग्नातून कापून काढावं लागू नये!

घरात या घोषणेचं स्वागत दुधवाल्यानं भाव वाढवल्यावर होतं तसं झालं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, रविवारी दहा वाजता मी नसतो. झोपलेला असतो." कन्येनं हा छंद किती दिवस टिकणार ते विचारलं. आई म्हणाली, "माझा कशाला? मी काय प्रदर्शनातली आहे?" आणि आमच्या सौभाग्यवतींनी फक्त, "पोळ्या कोण करणार?" एवढंच विचारलं.

मी मग विद्वत्तेचा आधार घेतला. निकोलस निक्सन नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं १९७५ साली आपली बायको आणि तिच्या तीन बहिणी यांना ओळीनं उभं करून फोटो काढला, आणि मग दरवर्षी एक, त्याच क्रमानं, काढतच राहिला. २०१४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात असे चाळीस वर्षांचे चाळीस फोटो मांडले होते. एकामागून एक पाहत गेलं की चार तरुणी डोळ्यांदेखत प्रौढ होत जातात. मी हे सगळं भारावून सांगितलं. त्यावर सौ. म्हणाल्या, "चार बहिणी चाळीस वर्षं एका ओळीत उभ्या राहिल्या? मग त्याचं कसलं कौतुक, त्यांचं करा!" मुद्दा बरोबर होता. माझ्या दोन मेव्हण्या एका सोफ्यावर बसत नाहीत.

असो. फोटो सुरू झाले. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी नवे कपडे घातले, दुसऱ्या महिन्यात धुतलेले, आणि तिसऱ्या महिन्यापासून जे अंगावर असेल ते. एकदा टायमर लावून मीही पळत जाऊन बसायचा प्रयत्न केला. त्या फोटोत माझी फक्त पाठ आली आहे. तेव्हापासून मी कॅमेऱ्यामागेच राहिलो.

फोटोत सगळ्यात कमी येई ती आई. म्हणजे बसे, पण मी बटण दाबायच्या क्षणी तिला दुधाची आठवण होई. दागेरनं १८३८ साली पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याला कित्येक मिनिटं लागत. त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळे पुसले गेले आणि बूट पॉलिश करून घेत एका जागी थांबलेला एक माणूस तेवढा ठळक उमटला. मला वाटतं, घरोघरच्या अल्बमचा हाच न्याय आहे. बूट पॉलिश करून घेणारा उरतो, कामात असलेली माणसं पुसली जातात.

वर्ष सरलं, आणखी एक गेलं, आणि एका रात्री लाइट गेले असताना आम्ही सगळे फोनवर ते फोटो पाहत बसलो. एकतिसाव्या आठवड्याचा फोटो आला आणि मी म्हणालो, "वा! काय सुखी दिसतोय आपण!" सौ. शांतपणे म्हणाल्या, "त्या आठवड्यात आपण चार दिवस बोलत नव्हतो."

मला आठवेना. मग हळूहळू आठवलं. माझ्या धाकट्या भावाला मी परस्पर पैसे दिले होते. घरात न विचारता. बरेच. आणि ते कळल्यावर, "माझ्याच घरात मला पासबुक बघून कळावं!" हे वाक्य ऐकून मी उलट आवाज चढवला होता. हे सगळं मी साफ विसरलो होतो, आणि विसरायला मला या फोटोनं मदत केली होती. तेव्हापासून मला एक प्रश्न छळतो आहे. भांडणं टिपली नाहीत तर वर्षाची नोंद खरी म्हणायची का? आणि टिपायची म्हटलं, तर आपलीच माणसं रडत असताना समोर फोन धरून उभा राहणारा मी कोण?

"पण तू तर चक्क हसते आहेस," मी म्हणालो.

"मी कॅमेऱ्याकडे बघून हसले. तुमच्याकडे नाही."

पुढचे फोटो मी जरा सावकाश पाहिले. चाळिसावा आला. मग एकदम बेचाळिसावा. मधला नाही. तो नाही, हे मला अल्बम न उघडताही माहीत होतं.

त्या आठवड्यात आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं आणि तिसऱ्या दिवशी रविवार आला. मी दहा वाजता दवाखान्यात गेलो. सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोक्यात एकच हिशेब होता. बावन्नचे एक्कावन्न होतील! सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं आणि फोन वर धरला. आईची कवळी काढून ठेवलेली होती. तिनं एका हातानं पदर शोधला. अंगात दवाखान्याचा झगा होता, पदर कुठला सापडायला? मग सलाइन लावलेलाच हात कसाबसा उचलून तिनं तोंडावर धरला. नको म्हणाली नाही. मुलाचा छंद मोडू नये म्हणून तशीच थांबली.

"अहो, ठेवा ते खाली," सौ. म्हणाल्या. मी ठेवलं.

एक्कावन्न फोटो पाहिल्याशिवाय मला ते रविवार आठवत नाहीत. न काढलेला बावन्नावा मात्र कुठेही, कधीही दिसतो. पुढे आई घरी आली. काठी घेऊन हिंडू लागली. मी तिची माफी मागितली, तर म्हणे, "कसली रे? मला वाटलं, डॉक्टरला दाखवायला हवा असेल."

मी एक्कावन्न फोटोंत कुठेच नाही याची मला खंत होती. आता ती राहिली नाही. या माणसांनी वर्षभर ज्याच्याकडे पाहिलं तो मीच की! चिरंजीव कंटाळून बघताहेत, कन्या कीव आल्यासारखी बघते आहे, सौ. गॅसकडे एक कान ठेवून बघताहेत, आणि आई, मी धडपडेन की काय अशा काळजीनं. बावन्न आठवडे मी घरात कसा वागलो त्याचं प्रगतिपुस्तकच ते. सही करायला जरा जड गेलं, एवढंच.

परवा आईनं ते सगळे फोटो पुन्हा मागून घेतले. चष्मा लावून, एकेक सरकवत, दोन तास लावले. शेवटी एकावर बोट ठेवून म्हणाली, "हा मोठा करून ठेव. नंतर शोधाशोध नको. यात कवळी नीट बसलीय."

"आई, काहीतरीच काय बोलतेस!" मी म्हणालो. पण फोटो पाहिला. आई त्यात खदखदून हसते आहे. मी मागे सरकताना स्टुलाला अडखळलो होतो, तेव्हाचा आहे तो. फोटो तांत्रिकदृष्ट्या वाया गेलेला. डाव्या कोपऱ्यात, तिच्या खांद्यापाशी, माझा अंगठा आला आहे.

"तो कापून टाकतो," मी म्हणालो.

"राहू दे," आई म्हणाली. "यांच्याही खांद्यावर कुणाचा तरी आहेच. माझ्यावरचा कुणाचा ते निदान ठाऊक तरी आहे."